साठावी भाकर

चंद्रप्रभाबाईंच्या मेसमध्ये रोज संध्याकाळी दीडशे भाकरी लागत, आणि त्या दीडशेच्या दीडशे केवळाबाई एकटी थापत असे. खाणारी पोरं म्हणजे डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला क्लास लावून राहिलेली. निम्मी पोळीवर वाढलेली. पण महिनाभरात तीही ज्वारीच्या भाकरीला सोकावत. अकरा वर्षांत केवळाबाईच्या भाकरीला चीर गेलेली कुणी पाहिली नव्हती. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण मोजण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. खरं म्हणजे मोजल्याशिवाय तिचा हात चालतच नसे. परातीत पीठ, पिठावर उंडा आणि तोंडानं पुटपुटत आकडा. दीडशे झाल्या की परात पालथी घालायची, पदराला हात पुसायचे आणि मागच्या गल्लीतल्या आपल्या दोन खोल्या गाठायच्या. नवरा शेषेराव औशाकडच्या गावात शेती बघायचा आणि मोटारसायकलवर गाव-लातूर करत राहायचा. लेक दिपाली लग्न होऊन पुण्याला गेलेली. तक्रार करायला जागा नाही असा संसार.

त्या वर्षी जूनमध्ये साठावी भाकर फाटली.

पीठ जुनं असेल म्हणून तिनं उंडा पुन्हा मळला. एकसष्टावी तव्यापर्यंत नेता नेता हातातून निसटली. दोन्ही हात खांद्यापासून गळून गेले. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, दुखण्याला निदान बाम चोळता येतो. ती शेगडीपाशी भिंतीला टेकून दहा मिनिटं बसली आणि उठली, तर हात पुन्हा तिचेच. पुढच्या वीसेक भाकरी चांगल्या उतरल्या. मग पुन्हा तेच.

साठाचे पन्नास झाले, पन्नासाचे चाळीस. जुलैत डावी पापणी खाली यायला लागली. सकाळी आरशात दोन्ही डोळे सारखे, दिवेलागणीला डावा अर्धा मिटलेला. एका तव्याचे दोन तवे दिसत. खोट्या तव्यावर भाकर टाकायला जावं तर बोटं खऱ्यावर भाजत. आणि जेवायला बसलं की जबडा दमायचा. दीडशे लेकरांना भाकर घालणाऱ्या बाईला स्वतःची अर्धी भाकर चावेना. हनुवटीला हातानं आधार देऊन ती घास फिरवायची आणि कुणी बघत नाही ना म्हणून दाराकडे नजर ठेवायची.

शेजारणींनी लकवा ठरवला. शेषेरावनं मात्र रीतसर दवाखाना केला, त्यात त्यानं कसूर ठेवली नाही. फक्त त्याची एक पद्धत होती. मोठ्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे माणसानं नीटनेटकं जावं, असं त्याचं ठाम मत. दवाखान्याच्या दिवशी केवळाबाईनं काम करायचं नाही, दुपारी झोपायचं, ठेवणीतलं लुगडं नेसायचं. चंद्रप्रभाबाईही चांगल्या मनाच्या. "आज मेसवर येऊच नका, आराम करून जा," म्हणायच्या. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बाकड्यावर दोन-तीन तास डुलकी. एवढी झोप काढून ती आत गेली की पापणी वर, आवाज खणखणीत, हात सहज डोक्याच्या वर जाणारे.

डोळ्यांच्या डॉक्टरनं चष्मा दिला. दुसऱ्यानं अशक्तपणा म्हणून सुया टोचल्या. तिसऱ्यानं डोक्याचा फोटो काढायला लावला, तो स्वच्छ निघाला. मग त्यानं चष्मा वर करून केवळाबाईऐवजी शेषेरावकडे बघितलं आणि विचारलं, "घरात काही टेन्शन?"

परत येताना शेषेराव मोटारसायकल चालवता चालवता मागं न बघता म्हणाला, "संध्याकाळीच कसं होतंय गं तुला? काम असलं की?"

त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण तो प्रश्न तिच्या पोटात जाऊन बसला. आपण सोंग तर करत नाही ना, असं तिला स्वतःलाच वाटायला लागलं. सोंग म्हणावं तर पाण्याचा घोट नाकातून बाहेर कसा येतो? संध्याकाळी बोलताना शब्द नाकात का शिरतात? भीती आता तिच्याबरोबरच नांदायला आली होती. हात गेले, डोळा गेला, गिळणं चाललंय. उद्या छाती थांबली तर? तेव्हाही लोक म्हणतील, सकाळी तर बरी होती की. तिला मरणापेक्षा याचीच धास्ती जास्त होती: कुणाला कळायच्या आत, कुणी खरं मानायच्या आत आपला श्वास संपायचा.

दिवाळीत ती भाऊबीजेला भोकरला माहेरी गेली. धाकटा भाऊ मारोती तिथं शाळेत शिकवतो. ओवाळून झाल्यावर त्यानं हौसेनं करंजी भरवली आणि ती तिच्या घशात अडकली. डोळे पांढरे झाले. मारोतीनं पाठीत धपाटे घालून ती बाहेर काढली.

"अक्का, किती दिवसांपासून हे चालू हाय?"

"जूनपासून."

"आन तू गप बसून राहिली?"

"सांगून राहिले रे बाबा. दिसत न्हाई कुणाला."

दुसऱ्या दिवशी तो तिला नांदेडला घेऊन गेला. नसांच्या डॉक्टर, मनस्विनी नावाच्या, पन्नाशीच्या. इथंही बाकड्यावर तीन तास. केवळाबाईला ठाऊक होतं काय होणार ते. आत गेली, हात वर केले, डोळे फिरवले, सगळं ठीक. ती रडायच्या बेतात होती. डॉक्टरांनी कागदपत्रं बाजूला सारली आणि आजवर कुणीच न विचारलेली गोष्ट विचारली.

"काम काय करता?"

"भाकरी थापते. मेसवर. दीडशे."

"आणि कितव्या भाकरीला हात जातात?"

केवळाबाई चमकली. "आधी साठाव्या. आता तिशीतच."

"थापून दाखवा." डॉक्टरांनी टेबलावरचा स्टीलचा ट्रे पुढं ओढला. "पिठाशिवाय. मोजत मोजत."

मारोती लाजला, केवळाबाई नाही लाजली. तिनं पदर खोचला आणि रिकाम्या ट्रेवर थापायला लागली. एक, दोन, तीन. डॉक्टर खुर्ची जवळ घेऊन फक्त तिच्या तोंडाकडे बघत होत्या. अठराव्या भाकरीला आकडे नाकातून यायला लागले. बाविसावीला डावी पापणी उतरली. एकोणतिसावीला हात ट्रेवर पडले ते पडलेच. केवळाबाईला वाटलं, आता या रागावतील. डॉक्टरांनी बर्फाचे खडे हातमोज्यात बांधून तिच्या मिटल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरले आणि काढले. पापणी वर गेलेली होती.

"तुम्ही खोटं बोलत नव्हता," डॉक्टर म्हणाल्या.

एवढ्या महिन्यांत हे वाक्य तिला कुणी दिलं नव्हतं. ती तिथं हमसून रडली, आणि रडतानाही तिचं तोंड धड वाकडं होईना.

छातीचा फोटो झाला, रक्ताचा अहवाल आठवड्यानं आला आणि रोगाला नाव मिळालं: मायस्थेनिया ग्रेव्हिस. डॉक्टरांनी शेषेरावलाही नांदेडला बोलावून घेतलं आणि समोर बसवून ते समजावलं. मेंदूचा हुकूम नस घेऊन येते आणि स्नायूच्या दारावरची कडी वाजवते. स्नायू धडधाकट, नसही धडधाकट. पण अंगात जंतूंशी लढायला जे पहारेकरी असतात, ते चुकून घरच्याच दारांच्या कड्या मोडत सुटलेत. थोड्या कड्या शिल्लक आहेत, म्हणून ताज्या अंगानं काम होतं. काम वाढलं की हुकूम दाराबाहेरच राहतो. बसलं की पुन्हा थोडी हुशारी येते. "म्हणून तुम्ही हिला झोपवून, सजवून आणलंत, तेव्हा आजारही झोपूनच आला," त्या शेषेरावला म्हणाल्या.

"पुरता जाईल का वो?" शेषेरावनं विचारलं.

"ताब्यात राहील. गोळ्यांच्या वेळा पाळल्या तर काम करतील, जेवतील, हसतील. पण एक गोष्ट नीट ऐका." त्यांचा आवाज बदलला. "हाच रोग श्वासाच्या स्नायूंना धरू शकतो. ताप, खोकला, नको ते औषध, काहीही निमित्त होतं. रोज सकाळ-संध्याकाळ पूर्ण श्वास घ्यायचा आणि एका दमात मोजायचं. आज अडतीस झाले. विसाच्या आत आले, तर घरी थांबायचं नाही, निघायचं."

मग त्यांनी एक लाल कार्ड दिलं. त्यावर रोगाचं नाव होतं आणि कोणती इंजेक्शनं चुकूनही द्यायची नाहीत त्यांची यादी. साध्या जंतूंच्या तापावर सर्रास देतात तीच औषधं. "कार्ड कायम अंगावर. आणि नाव तोंडपाठ."

केवळाबाईनं नाव पाठ केलं ते तिच्या रीतीनं. मेसवर परतल्यावर चंद्रप्रभाबाईंनी तिच्या भाकरी चाळिसावर आणल्या आणि जोडीला दुसरी बाई ठेवली. त्या चाळीस भाकरी थापताना ती आकड्याऐवजी नाव म्हणायची. माय, स्थे, निया, ग्रे, व्हिस. एका थापेला एक तुकडा. घरीही तेच. शेषेराव वैतागायचा. "काय जप लावलाय रोगाचा! बंद कर की." श्वासाची मोजदाद तर त्याला मुळीच आवडायची नाही. धडधाकट बायको रोज दोन वेळा एक दोन तीन म्हणत बसते, यात त्याला अपशकुनच दिसायचा.

कार्डाचं मात्र त्यानं अगदी मनापासून केलं. झेरॉक्सच्या दुकानातून ते पक्कं प्लास्टिकमध्ये बसवून आणलं आणि गावच्या घरी संदुकीत ठेवलं. सातबारा, मोजणीचा नकाशा, दिपालीची गुणपत्रकं आणि त्यांच्यावर हे कार्ड. वर डांबराच्या गोळ्या. संदुकीची किल्ली त्याच्या कमरेच्या करगोट्याला.

"अंगावर ठेवा म्हनल्यात त्या," केवळाबाई म्हणाली.

"लई महत्त्वाचा कागद हाय. मेसच्या पिठात हरवला म्हंजी?"

त्यांच्या घरात महत्त्वाच्या कागदाची जागा तीच होती, पिढ्यानपिढ्या.

डिसेंबरात येळवस आली. वेळ अमावस्येला लातूर ओस पडतं. ज्याला शेत आहे तो शेतात, ज्याला नाही तो शेतवाल्याचा पाहुणा. केवळाबाईनं चंद्रप्रभाबाईंना आणि त्यांच्या यजमानांना, रेणुकादासरावांना, आग्रहानं बोलावलं होतं. आदल्या दिवशी गावी येऊन तिनं भज्जीच्या मिसळ कालवणासाठी भाज्या निवडल्या, बाजरीचे उंडे वळले, आंबील घातली. दोन दिवसांचा खोकला होता, तो त्या धुरात वाढला. सकाळी अंग तापलेलं.

शेताकडे निघताना वाटेवर गावच्या डॉक्टरचा दवाखाना. तोही कुलूप हातात घेऊन येळवशीला निघालेला. "एक इंजेक्शन देतो, दुपारपर्यंत ताप खल्लास," तो म्हणाला.

केवळाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. "अवो, कार्ड."

"आता घरी कुठं जायचं परत? कुलूप उघड, संदूक उघड. तिकडं निवद खोळंबलाय. साधा खोकला तर हाय."

ती आणखी बोलू शकली असती. रोगाचं नाव तिला पाठ होतं. पण सणाचा दिवस, दारात डोक्यावर टोपली घेऊन ताटकळलेली माणसं, डॉक्टरच्या हातात भरलेली सुई. कशाला तमाशा, असं वाटून तिनं दंड पुढं केला.

बाराला शेतात उभारलेल्या कडब्याच्या कोपीत पूजा झाली, पंगत बसली. चंद्रप्रभाबाई भज्जीचं कौतुक करत होत्या. केवळाबाईनं आंबिलीचा घोट घेतला आणि तो नाकातून पदरावर आला. तिनं पदर दुमडून घेतला. पापणी उतरली, पण या वेळी दोन्ही. ती उठून कोपीच्या मागं गेली. उभी ज्वारी वाऱ्यानं सळसळत होती, पलीकडच्या शेतातून हसण्याचे आवाज येत होते. तिनं श्वास भरला आणि मोजलं. सतरा. चुकलं असेल म्हणून पुन्हा. तेरा. मान आता छातीवर कलंडत होती, तिनं ती एका हातानं उचलून धरली. तिसऱ्यांदा, नऊ.

ओरडावं तर आवाज नव्हता. दहा पावलांवर एवढी माणसं जेवत होती आणि ती त्यांच्या देखत बुडत होती. कोपीला धरत धरत ती पंगतीपाशी आली आणि वाढत असलेल्या शेषेरावचं मनगट धरलं. त्याला वाटलं, बसवत नसेल. तिनं मान हातानं वर केली आणि त्याच्या तोंडाकडे बघत मोजलं.

"एक... दोन... तीन... चार... पाच..."

आणि थांबली. पुढं काही आलंच नाही.

रोज कानांवरून गेलेली ती मोजदाद शेषेरावनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. त्याच्या हातातली भज्जीची वाटी खाली पडली.

रेणुकादासरावांनी उष्ट्या हातानं गाडी काढली. लातूरपर्यंतचा रस्ता रिकामा, शहरात शिरले तर सगळी शटरं खाली, चौकात चिटपाखरू नाही. पहिल्या दवाखान्याला कुलूप. दुसऱ्याचा रखवालदार म्हणाला, डॉक्टर शेतात. मागच्या सीटवर केवळाबाईचं डोकं चंद्रप्रभाबाईंच्या मांडीवर होतं. तिला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. बाहेरून मात्र ती झोपलेल्या माणसासारखी दिसत होती, आणि आपण झोपलोय असं कुणी समजेल या भीतीनं ती बोटाची पेरं हलवत राहिली.

तिसऱ्या ठिकाणी एक तरुण डॉक्टर ड्यूटीवर सापडला, सुगत नावाचा. त्यानं छातीला नळी लावली, ताप बघितला. "कफ झालाय, न्यूमोनिया असेल. आधीचा काही आजार?"

"हाय की. नसांचा... न्हाई, स्नायूंचा. कागद हाय साहेब, लाल कागद. संदुकीत हाय."

"आजाराचं नाव काय?"

शेषेरावनं तोंड उघडलं. "म्या... म..." नाव येईना. नर्सनं जंतूंवरचं इंजेक्शन भरलं आणि सलाईनच्या नळीकडे हात नेला. केवळाबाईनं ते अर्धमिटल्या डोळ्यांच्या फटीतून पाहिलं. सकाळची एक सुई अंगात होतीच. तिनं हात उचलायचा प्रयत्न केला. तळवा चादरीवर एकदा आपटला, दुसऱ्यांदा नुसता हलला.

शेषेरावनं तो हात पाहिला. मग एकाएकी तो शेजारच्या स्टीलच्या ट्रॉलीवर तळव्यानं थापायला लागला. कापसाचे बोळे उडाले. नर्स दचकून मागं सरली. तो डोळे मिटून थापत होता आणि थापेसरशी तोंडातून एकेक तुकडा बाहेर पडत होता.

"माय. स्थे. निया. ग्रे. व्हिस."

सुगतनं नर्सचा हात धरला. "ते राहू दे. बाजूला ठेव. व्हेंटिलेटर लाव, आधी व्हेंटिलेटर."

अकरा दिवस नळी घशात होती. रक्तातलं पिवळं पाणी पाच वेळा बदललं, त्याबरोबर चुकलेले पहारेकरीही गेले. नांदेडच्या डॉक्टर फोनवरून औषधं सांगत होत्या. शेषेराव दाराबाहेर बसून असायचा. दिपाली पुण्याहून आली, तिला त्यानं एवढंच सांगितलं, "संदुकीत ठेवला गं म्या. जपून ठेवला."

केवळाबाई घरी आली. आता पंचवीस भाकरी थापते, त्याही बसून बसून. कार्ड काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात असतं. गोळ्यांच्या वेळा चुकत नाहीत. लोक म्हणतात, बरी झालीस की. ती हसते, हसू आता बरंचसं सरळ येतं. पण साधा खोकला आला तरी ती परात बाजूला सारून आधी श्वास मोजते. भीती कुठंही गेलेली नाही. फक्त पूर्वी ती एकटीची होती, आता दोघांची आहे.

रोज दिवेलागणीला शेषेराव गावाहून येतो, समोर पाट घेऊन बसतो आणि स्वतःच म्हणतो, "मोज." ती श्वास भरते. परवा ती एकोणिसावर थांबली. शेषेराव ताडकन उठला, पाट मागं घसरला. केवळाबाईनं हातानं थांब म्हणून खूण केली, जोरात शिंकली आणि नव्यानं श्वास भरून मोजायला लागली. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. तो खाली बसला. ती छत्तीसपर्यंत गेली आणि म्हणाली, "झालं की. किल्ली सोडा आता."

तेव्हा कुठं त्यानं मूठ उघडली. मोटारसायकलच्या किल्लीचे दाते तळव्यात लालभडक उमटले होते.